काडीच्या टोकावरचे विष

शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटवायचा असतो. शिक्षक खिशातून काडेपेटी काढतात, काडी ओढतात आणि विझलेली काडी बाजूला टाकून देतात. यात काही विशेष आहे असे कोणालाच वाटत नाही. एखादा चौकस विद्यार्थी मात्र विचारतो, ‘‘सर, ही काडी पेटीच्या कडेवरच का पेटते? दगडावर घासली तर का पेटत नाही?’’ आपण त्याला सांगतो की काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते, पेटीच्या कडेवर तांबडा फॉस्फरस असतो, आणि दोन्ही एकमेकांवर घासले की ज्योत निघते.

उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. एके काळी बाजारात अशी काडी सर्रास मिळत असे की जी दगडावर, भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, कुठेही ओढली तरी पेटायची. लोकांना ती आवडायची आणि ती स्वस्तही होती. तरीही ती कायद्याने बंद करावी लागली, कारण ती बनवणाऱ्या कामगारांच्या जबड्याची हाडे कुजत होती. रोग कशामुळे होतो हे डॉक्टरांना ठाऊक झाले १८४५ च्या सुमारास. त्यावरचा रासायनिक उपायही जवळजवळ त्याच वेळी हाती आला. पण जगातल्या प्रमुख देशांनी मिळून ते विष बंद करायला १९०६ साल उजाडले. मधली साठ वर्षे कशात गेली, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

कुठेही पेटणारी काडी

फॉस्फरसचा शोध हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांडने १६६९ मध्ये लावला. सोन्याच्या शोधात तो मूत्र आटवीत बसला होता. सोने मिळाले नाही, पण अंधारात चमकणारा एक मेणासारखा पदार्थ मिळाला. शंभर वर्षांनी स्वीडनमधील गान आणि शेले यांनी हाडांमध्ये फॉस्फरस असतो हे दाखवले आणि मग तो हाडांपासून मोठ्या प्रमाणात काढता येऊ लागला.

घर्षणाने पेटणारी पहिली काडी विकली ती इंग्लंडमधील स्टॉक्टन-ऑन-टीज या गावच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने, १८२७ मध्ये. तिच्या टोकाला अँटिमनी सल्फाइड, पोटॅशियम क्लोरेट आणि डिंक यांचे मिश्रण होते. त्यात फॉस्फरस नव्हता. ही काडी लहरी होती. कधी पेटायची, कधी नुसतेच टोक गळून पडायचे. १८३० च्या सुमारास फ्रान्समधील शार्ल सोरिया या तरुणाने अँटिमनी सल्फाइडच्या जागी पांढरा फॉस्फरस वापरून पाहिला. हाच उजेडात राहिला की पिवळसर होतो, म्हणून त्याला पिवळा फॉस्फरसही म्हणतात. आता काडी हमखास पेटू लागली. थोड्याच वर्षांत जर्मनी, ऑस्ट्रिया, इंग्लंड या देशांत काड्यांचे कारखाने उभे राहिले.

गारगोटी आणि पोलाद घासून विस्तव करणाऱ्या किंवा शेजाऱ्याकडून निखारा मागून आणणाऱ्या घरांना या काडीचे किती अप्रूप वाटले असेल, याची आज कल्पना करणेही कठीण आहे. गरिबाच्या घरात ती पैशा-दोन पैशांत उजेड देत होती. म्हणूनच तिच्याविरुद्ध बोलणे सोपे नव्हते.

व्हिएन्नातले दोन निष्कर्ष

पांढऱ्या फॉस्फरसचा रेणू चार अणूंचा असतो. हे अणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर असतात आणि त्यांच्यातील बंधांचे कोन अवघे ६० अंशांचे असतात. अशा ताणलेल्या बंधांमुळे तो अतिशय क्रियाशील असतो. हवेत तो साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअसलाच पेट घेतो, म्हणून त्याला पाण्याखाली ठेवतात. नेहमीच्या तापमानालाही त्याची वाफ होत राहते. तो अत्यंत विषारी आहे. शंभर मिलिग्रॅमच्या आतली मात्राही प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते. काड्यांची गुले चोखून लहान मुले दगावत आणि आत्महत्येसाठीही ती खाल्ली जात.

१८४५ मध्ये व्हिएन्नातील डॉक्टर लोरिन्सर यांनी काड्यांच्या कारखान्यातील कामगारांमध्ये आढळणाऱ्या जबड्याच्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचे कारण फॉस्फरसची वाफ हे आहे असे सांगितले. दोनच वर्षांनी, १८४७ मध्ये, बिब्रा आणि गाइस्ट या दोघा जर्मन संशोधकांनी या रोगावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला.

त्याच दशकात त्याच व्हिएन्ना शहरात रसायनशास्त्राचे प्राध्यापक आंटोन श्रोटर यांनी दाखवून दिले की पांढरा फॉस्फरस हवेशिवाय तापवला की जो तांबडा पदार्थ मिळतो, तो वेगळे संयुग नसून फॉस्फरसचेच दुसरे रूप आहे. या तांबड्या फॉस्फरसमध्ये अणूंच्या लांब साखळ्या असतात. त्याची वाफ सहज होत नाही, तो हवेत आपोआप पेटत नाही, पेटायला सुमारे अडीचशे अंश तापमान लागते, आणि तो जवळजवळ बिनविषारी आहे.

म्हणजे रोगाचे कारण आणि त्या कारणाला पर्याय, या दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच दशकात उजेडात आल्या. १८५१ मध्ये बर्मिंगहॅमच्या आर्थर ऑल्ब्राइटने तांबडा फॉस्फरस कारखान्यात तयार करण्याचे पेटंट घेतले. स्वीडनमधील यॉनशॉपिंग गावच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी तो काडीच्या टोकाऐवजी पेटीच्या कडेवर लावला आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात आपली ‘सुरक्षित काडी’ मांडून पदक मिळवले. आज आपण वापरतो ती हीच. कडेवर काडी ओढली की घर्षणाच्या उष्णतेने तांबड्या फॉस्फरसचा अगदी सूक्ष्म अंश पांढऱ्यात बदलतो, तो पेटतो आणि गुलातील क्लोरेटला चेतवतो. पांढरा फॉस्फरस तयार होतो तो क्षणभर, आणि त्याच क्षणी जळून जातो.

गोष्ट इथेच संपायला हवी होती.

वाफ, दात आणि जबडा

काड्या कशा बनत ते आधी पाहू. लाकडाच्या बारीक काड्या चौकटीत ओळीने बसवीत. फॉस्फरस, क्लोरेट आणि सरस यांचा कोमट लगदा एका फरशीवर पसरलेला असे. काम करणारा माणूस चौकट त्यावर टेकवून काड्यांची टोके बुडवून घेई. मग चौकटी वाळवायच्या खोलीत जात. वाळलेल्या काड्या काढून, मोजून खोक्यांत भरायचे काम बहुतेक बायका आणि मुली करीत. घाईत एखादी काडी पेटे आणि तिच्या धुराचा लोट तोंडावर येई. लगदा ढवळणारे, काड्या बुडवणारे आणि खोकी भरणारे या सगळ्यांच्या नाकातोंडात दिवसाचे बारा-चौदा तास ही वाफ जात असे. कपड्यांना लसणासारखा वास येई. रात्री घरी गेल्यावर कपडे अंधारात चमकत, आणि ओकारी झाली तर तीही चमके, असे त्या काळच्या नोंदी सांगतात.

सुरुवात दातदुखीने होई. किडलेल्या किंवा नुकत्याच काढलेल्या दाताच्या जागी जखम भरत नसे. हिरड्या सुजत, गालाला छिद्र पडून पू वाहू लागे आणि त्याला अशी दुर्गंधी येई की घरातली माणसेही जवळ बसू शकत नसत. आत जबड्याचे हाड तुकड्यातुकड्यांनी मरत जाई. शेवटचा इलाज म्हणजे जबडा कापून काढणे. रोग्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा दगावत असे. जे वाचत, त्यांना पुढचे आयुष्य पातळ अन्नावर आणि झाकलेल्या चेहऱ्याने काढावे लागे. इंग्लंडमधील कामगारांनी या रोगाला ‘फॉसी जॉ’ असे नाव दिले होते. लक्षणे दिसायला काही वर्षे लागत. तोवर पुष्कळ जणी ते काम सोडून गेलेल्या असत आणि दुखण्याचा कारखान्याशी असलेला संबंध कागदावर येतच नसे.

या जुन्या रोगाला अलीकडे एक नवा संदर्भ मिळाला आहे. हाडे ठिसूळ होण्यावर आणि हाडांत पसरलेल्या कॅन्सरवर बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे देतात. ती घेणाऱ्या काही थोड्या रुग्णांमध्ये दात काढल्यावर जबड्याचे हाड मरते, असे २००३ मध्ये लक्षात आले आणि डॉक्टरांना ताबडतोब काड्यांच्या कारखान्यांची आठवण झाली. पांढऱ्या फॉस्फरसपासून शरीरात अशाच प्रकारची संयुगे तयार होत असावीत असा एक तर्क आहे. हाडाची रोजची झीज आणि भर थांबली की सतत ताण सोसणारा, तोंडातल्या जंतूंच्या सान्निध्यातला जबडा सर्वांत आधी बळी पडतो, असे आता मानले जाते.

माहीत असूनही

१८६२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या वतीने डॉ. ब्रिस्टो यांनी देशातील काड्यांच्या कारखान्यांची पाहणी केली आणि रोगाच्या नोंदी केल्या. १८६४ च्या कायद्याने हे कारखाने सरकारी तपासणीखाली आले आणि कामाच्या खोलीत जेवण्यास मनाई झाली. पण फॉस्फरसला कोणी हात लावला नाही. का नाही?

पहिले कारण गिऱ्हाइकाच्या सवयीचे. सुरक्षित काडीला तिची पेटी जवळ लागे आणि ती महागही होती. कुठेही पेटणारी काडी लोकांना सोयीची वाटे. दुसरे कारण स्पर्धेचे. एका कारखानदाराने पांढरा फॉस्फरस सोडला तर शेजारचा त्याचे गिऱ्हाईक पळवणार. एका देशाने सोडला तर दुसरा देश त्याची बाजारपेठ घेणार. फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्ये बंदी घातली. स्वित्झर्लंडने १८७९ मध्ये घातलेली बंदी मात्र तीन वर्षांतच मागे घेतली. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रोगाची किंमत हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नव्हती. लाकूड, सरस, फॉस्फरस, मजुरी या सगळ्यांचे आकडे कारखानदाराच्या वहीत होते. कुजलेल्या जबड्याचा खर्च मात्र त्या मुलीच्या घरावर पडत होता. वहीत न येणारा खर्च वाचवण्याची घाई कोणालाच नसते.

त्यामुळे जे उपाय झाले ते सगळे कामगाराच्या अंगावर ढकलणारे होते. हात धुवा, खोलीत जेवू नका, दात तपासून घ्या. किडलेला दात असेल तर कामावर येऊ नका. या सूचना चुकीच्या होत्या असे नाही. पण अर्थ असा होत होता की दोष फॉस्फरसचा नसून मुलीच्या दाताचा आहे.

१८८८ चा संप

लंडनच्या पूर्व भागातील बो येथे ब्रायंट अँड मे या कंपनीचा मोठा कारखाना होता. २३ जून १८८८ रोजी ‘द लिंक’ या छोट्या साप्ताहिकात ॲनी बेझंट यांनी तेथील मुलींच्या स्थितीवर एक लेख लिहिला. तुटपुंजी मजुरी, अस्वच्छ पाय किंवा अव्यवस्थित बाकासाठी होणारे दंड, फॉस्फरसच्या संपर्कात खावे लागणारे जेवण, हे सगळे त्यात होते. या बेझंटबाई म्हणजेच पुढे १८९३ मध्ये भारतात आलेल्या, होमरूल चळवळ चालवणाऱ्या आणि १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या ॲनी बेझंट.

लेख खोटा आहे असे लिहून द्या, असा आग्रह कंपनीने मुलींकडे धरला. मुलींनी सही केली नाही. एकीला कामावरून काढल्यावर जुलैच्या सुरुवातीला सुमारे १,४०० बायका-मुली काम सोडून बाहेर आल्या. हा संप बेझंटबाईंनी घडवला असे बरीच वर्षे लिहिले जाई. इतिहासकार लुईझ रॉ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुढाकार कारखान्यातल्या मुलींचाच होता, हे पुराव्यांनिशी दाखवले आहे. दोनएक आठवड्यांत कंपनी नमली. दंड रद्द झाले, जेवायला वेगळी खोली मिळाली आणि बायकांची संघटना उभी राहिली.

वेगळी खोली मिळाली, पण फॉस्फरस तोच राहिला. हेही नीट समजून घेतले पाहिजे. ज्यांना आठवड्याला चार शिलिंग मिळतात, त्यांची पहिली मागणी दंड कापू नका ही असते. दहा वर्षांनी होणाऱ्या रोगाविषयीची मागणी पोट भरल्यानंतरची.

१८९१ मध्ये सॅल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेने लंडनमध्येच तांबडा फॉस्फरस वापरणारा कारखाना काढला आणि जास्त मजुरी दिली. या काड्या चांगल्या होत्या, पण महाग होत्या. दहा वर्षांच्या आत तो कारखाना थांबला. एकट्याच्या सद्भावनेवर स्पर्धेत टिकता येत नाही, हे यातून दिसले.

न मोजलेले रुग्ण

१८९५ च्या ब्रिटिश कायद्याने शिसे, फॉस्फरस, आर्सेनिक यांच्या विषबाधेचे आणि काळपुळीचे रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक केले. तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, ब्रायंट अँड मे कंपनीने सतरा रुग्ण कळवलेच नव्हते आणि त्यांपैकी सहा जण मरण पावले होते, हे उघडकीस आले. न्यायालयाने दंड केला तो खर्चासह पंचवीस पौंड नऊ शिलिंग. त्याच वर्षी थॉमस लेग हे ब्रिटनचे पहिले वैद्यकीय कारखाना निरीक्षक झाले. सरकारने एक रसायनज्ञ, एक डॉक्टर आणि एक दंतवैद्य अशा तिघांना चौकशीस नेमले आणि १८९९ मध्ये त्यांचा अहवाल आला. नियम कडक झाले, बंदी मात्र आली नाही.

अमेरिकेत याहून वेगळा प्रकार घडला. आमचे कारखाने स्वच्छ आहेत, आमच्याकडे हा रोग नाही, असे तेथे मानले जात होते. जॉन अँड्र्यूज या अभ्यासकाने देशातल्या सोळा कारखान्यांपैकी पंधरांची पाहणी केली आणि १९१० च्या आपल्या अहवालात शंभराहून अधिक रुग्णांची नोंद केली. रोग तिथे आधीपासूनच होता. पाहणारे कोणी नव्हते.

फ्रान्सने काय केले?

फ्रान्समध्ये काड्या बनवण्याचा मक्ता सरकारकडे होता. म्हणजे कारखानदार स्वतः सरकारच. १८९० च्या दशकात तेथील कामगारांनी संघटित होऊन या रोगाविरुद्ध वारंवार आवाज उठवला. आजारी कामगारांचा पगार, भरपाई आणि उपचार यांचा भार सरकारी तिजोरीवर पडू लागला. वहीत न दिसणारा खर्च इथे वहीत आला.

आणि मग उपाय लवकर सापडला. १८९८ मध्ये सेवेन आणि काहेन या दोन सरकारी तंत्रज्ञांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइड वापरून काडी तयार केली. हे फॉस्फरस आणि गंधक यांचे संयुग. त्याच्या रेणूत फॉस्फरसचे चार आणि गंधकाचे तीन अणू असतात. ते कुठेही घासले तरी पेटते, पण त्याने जबडा कुजत नाही. हे संयुग काही नवे नव्हते. लेम्वान या फ्रेंच रसायनज्ञाने ते १८६४ मध्येच तयार केले होते. चौतीस वर्षे ते प्रयोगशाळेतच पडून होते, कारण त्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

‘लोकांना कुठेही पेटणारी काडी हवी’ ही सबब आता उरली नाही. राहिली ती एकट्याने पुढे जाण्याची भीती. तिच्यावर उपाय एकच होता. सगळ्यांनी एकदम थांबायचे. २६ सप्टेंबर १९०६ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे डेन्मार्क, फ्रान्स, जर्मनी, इटली, लक्झेम्बर्ग, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड या सात देशांनी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांचे उत्पादन, विक्री आणि आयात बंद करण्याचा करार केला. कामगारांच्या आरोग्यासाठी एखादा पदार्थ आंतरराष्ट्रीय कराराने बंद होण्याची ही पहिलीच वेळ होती. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला आणि तो १९१० पासून अमलात आला. अमेरिकेत सेस्क्विसल्फाइडचे पेटंट डायमंड मॅच कंपनीकडे होते. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या विनंतीवरून कंपनीने १९११ मध्ये त्यावरचा हक्क सोडला. १९१२ च्या कायद्याने पांढऱ्या फॉस्फरसच्या दर शंभर काड्यांवर दोन सेंट कर बसला आणि तेवढ्याने त्या बाजारातून गेल्या. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अगदी पहिल्या शिफारशींमध्ये, सर्व सदस्य देशांनी बर्न करारात सामील व्हावे, ही शिफारस होती.

आपल्याकडे

भारतात त्या वेळी काड्या मुख्यतः स्वीडन आणि जपानहून येत. १९१३ मध्ये हिंदुस्थान सरकारने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांची आयात, उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यामुळे १९२० च्या दशकात आपल्याकडे काड्यांचा धंदा वाढला तेव्हा हे विष कायद्याने आधीच दाराबाहेर होते. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजेच ‘विमको’चा, अंबरनाथचा कारखाना त्याच काळातला. शिवकाशीचा उद्योगही त्याच सुमारास सुरू झाला. तिथे जबड्याचा प्रश्न नव्हता. आगीचा आणि मुलांना कामाला लावण्याचा मात्र होता, आणि तो पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ च्या निकालात न्यायालयाने धोक्याच्या कामाला मुलांना ठेवणाऱ्या मालकाने दर मुलामागे वीस हजार रुपये भरपाई द्यावी असे सांगितले.

रोगाचा आणि अपघाताचा खर्च कोणाच्या वहीत जावा, हा प्रश्न आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत फार लवकर विचारला गेला होता. १८८४ मध्ये, लंडनच्या संपाच्या चार वर्षे आधी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी ही त्यातली मागणी सर्वांना आठवते. पण त्यात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल लागले. त्या कायद्यात व्यवसायामुळे होणाऱ्या रोगांची छोटीशी यादी होती आणि तीत फॉस्फरसची विषबाधा होती.

वर्गात हे कसे सांगावे?

कामाच्या जागी धोका असेल तर काय करावे, याचा एक क्रम आज जगभर शिकवला जातो. धोकादायक पदार्थ काढून टाकता आला तर आधी तो काढावा. ते शक्य नसेल तर त्याच्या जागी निरुपद्रवी पदार्थ आणावा. तेही जमत नसेल तर यंत्र बंदिस्त करावे, धूर-धूळ ओढून घ्यावी. त्यानंतर कामाचे तास आणि पद्धती बदलावी. मुखवटे आणि हातमोजे सर्वांत शेवटी. काड्यांच्या कारखान्यांत साठ वर्षे हा क्रम उलट्या टोकाकडून चालवला गेला. दात तपासण्यापासून सुरुवात झाली आणि फॉस्फरस बदलणे शेवटी आले. फॉस्फरस बदलल्यावर मात्र दात तपासण्याची गरजच उरली नाही.

अपरूपता शिकवताना पांढऱ्या आणि तांबड्या फॉस्फरसचे कोष्टक आपण फळ्यावर लिहितोच. त्याच्या शेजारी दोन साले लिहावीत, १८४५ आणि १९०६. मग विद्यार्थ्यांना विचारावे, मध्ये काय कमी पडले? ‘ज्ञान’ हे उत्तर येणार नाही, कारण ज्ञान होते. रुग्ण मोजणारे हवे होते. खर्च मालकाच्या वहीत आणणारा कायदा हवा होता. आणि सर्वांनी एकदम पाळायचा नियम हवा होता. यांपैकी एक असून भागले नाही.

यापुढचा प्रश्न वर्गातल्याच एखाद्या वस्तूविषयी विचारता येईल. आपल्यापैकी अनेकांनी ज्या पाटीवर अक्षरे गिरवली, त्या पाटीच्या पेन्सिली मध्य प्रदेशातील मंदसौर भागात दगड कापून बनत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग झालेला आढळला. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, ही गोष्ट तेव्हाही नवीन नव्हती.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घालायला सांगितली होती: तू काम काय करतोस? हा प्रश्न डॉक्टरांपुरता ठेवण्याचे कारण नाही. आपल्या विद्यार्थ्यांचे आईवडील यंत्रमागावर, खाणीत, रंगाच्या कारखान्यात, वीटभट्टीवर, फवारणीच्या कामावर असतात. ते काय काम करतात, तिथे कशाची धूळ किंवा कशाचा वास असतो, खोकला कधीपासून आहे, हे मुलांना घरी विचारायला सांगावे आणि वहीत लिहून आणायला सांगावे.